आधी पाय

भुसार दुकानाच्या काट्यावर काकूंची चाकाची खुर्ची चढवली तेव्हा दुकानात तीन-चार गिऱ्हाइकं होती. मालकांनी त्यांना पाच मिनिटं थांबायला सांगितलं आणि स्वतः पुढे येऊन खुर्ची धरली. काकूंसकट ११० किलो भरलं. मग सुनेनं आणि मी काकूंना बाकावर बसवलं आणि नुसती खुर्ची चढवली. १८. "म्हणजे ब्याण्णव," काकू म्हणाल्या. तीस वर्षं याच काट्यावरून तांदूळ आणि तूरडाळ पोत्यानं नेलेल्या बाईंना ही वजाबाकी कुणी करून दाखवायला नको होती.

पुण्यात नारायण पेठेत काकूंची खानावळ आहे. स्पर्धा परीक्षेची मुलं-मुली तिथे जेवतात. शिकत असताना मीही चार वर्षं तिथे जेवले. गेल्या संक्रांतीनंतर आम्ही त्यांना काट्यावर नेलं, तेव्हा त्यांचा उजवा पाय मांडीतून कापल्याला चौदा महिने झाले होते. त्या चौदा महिन्यांत दवाखान्यात, नात्यात, शेजारात कितीतरी जणांनी त्यांना वजन कमी करायला सांगितलं होतं. वजन मात्र कुणी एकदाही केलं नव्हतं. एका पायावर साध्या काट्यावर उभं राहता येत नाही, आणि खुर्चीसकट माणूस चढेल असा काटा त्यांच्या दवाखान्यात नव्हता.

कृत्रिम पाय बसवून द्यायला सगळ्या डॉक्टरांची एकच अट होती. आधी वजन उतरवा, मग पाय बघू. मी हा लेख लिहिते आहे तो ही अट उलटी आहे हे सांगण्यासाठी. ती का उलटी आहे हे कळायचं तर मांडीतून गेलेल्या पायाच्या जागी दुसरा पाय बसतो कसा, हे जवळून पाहावं लागतं. जानेवारीपासून सप्टेंबरपर्यंत काकूंच्या शेजारी बसून मी ते पाहिलं.

*

सुरुवात एका फोडापासून झाली. काकूंना सतरा वर्षं मधुमेह. नव्या चपलेचा पट्टा करंगळीला लागला, फोड आला, फुटला, आणि त्यांना तो कळलाच नाही, कारण पावलाची संवेदना केव्हाच कमी झाली होती. दिवसभर ओल्या फरशीवर उभं राहायचं, रात्री पाय न बघता झोपायचं. करंगळी काळी पडली तेव्हा रक्तपुरवठाही मंदावलेला होता. आधी बोटं काढली, मग गुडघ्याखालून पाय, ती जखम भरेना म्हणून शेवटी मांडीतून. सहा आठवड्यांत तीन शस्त्रक्रिया.

पाय गमावलेला माणूस म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे अपघातातला तरुण येतो, नाहीतर जवान. ते आहेतच. पण २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब पाहणीनुसार देशात १०.१ कोटी माणसांना मधुमेह आहे आणि पोटाचा लठ्ठपणा ३९.५ टक्के प्रौढांत आहे. या दोन आकड्यांच्या मध्ये काकू बसतात. वय सत्तावन्न, अंगानं जड, साखर जुनी, रक्तवाहिन्या आखडलेल्या. कृत्रिम पायांच्या केंद्रांच्या दारात अशी माणसं येत आहेत आणि येत राहणार आहेत.

गुडघ्याखालून पाय गेला तर गुडघा आपला राहतो. मांडीतून गेला की गुडघा आणि घोटा दोन्ही यंत्राचे होतात आणि ते यंत्र उरलेल्या मांडीनं चालवायचं असतं. त्याची किंमत श्वासात मोजावी लागते. रक्तवाहिन्यांच्या आजारानं मांडीतून पाय गेलेल्या माणसाला तेवढंच अंतर चालायला धडधाकट माणसाच्या जवळपास दुप्पट शक्ती लागते, असं या शास्त्राची पुस्तकं सांगतात. त्यात अंगाचं वजन वेगळं. म्हणून डॉक्टर वजनाबद्दल बोलतात तेव्हा ते चुकीचं बोलत नसतात. काकूंच्या शल्यविशारदांनीही मायेनंच सांगितलं होतं, "आई, वीस किलो उतरवा, मग आपण पायाचं बघू."

पण काकू वीस किलो उतरवणार कशा? कुबड्या काखेत घेऊन ब्याण्णव किलो एका पायावर पेलायचे, तोही पाय मधुमेहाचा. दोनदा पडल्यावर कुबड्या भिंतीला लागल्या. मग खुर्ची, पलंग, खुर्ची. पुढ्यात ताट, समोर टीव्ही आणि आत स्वयंपाकघरात सून एकटी. चौदा महिन्यांत वजन वाढलं, मांडीचे आणि पाठीचे स्नायू झडले, आणि सतत बसून खुब्याचा सांधा पुढे वाकलेल्या स्थितीत आखडायला लागला. खुबा आखडला की कृत्रिम पायावर ताठ उभंच राहता येत नाही. म्हणजे थांबायला सांगून काकूंना पायासाठी तयार केलं जात नव्हतं, पायापासून लांब नेलं जात होतं.

*

ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलात विश्पलेची कथा येते. लढाईत तिचा पाय तुटला, अश्विनांनी तिला धातूचा पाय दिला, आणि दिला तो लगेच, असं त्या सूक्तात आहे. पुढच्या लढाईला तिला धावता यावं म्हणून तो दिला. तिला कुणी थांबायला सांगितल्याचा उल्लेख नाही.

आपल्या राज्यात या कामाची परंपरा जुनी आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या जखमी सैनिकांसाठी पुण्यात १९४४ साली कृत्रिम अवयव केंद्र उभं राहिलं. मुंबईत हाजी अलीला अखिल भारतीय भौतिक चिकित्सा आणि पुनर्वसन संस्था १९५५ पासून आहे. देशभर घराघरांत पोचलं ते नाव मात्र जयपूरचं. १९६८ साली रामचंद्र शर्मा या कसबी कारागिरानं आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी रबराचं असं पाऊल घडवलं, की त्यावर अनवाणी चालता येई, उकिडवं बसता येई, शेतात चिखलात उतरता येई. डॉ. सेठींना १९८१ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आज आपल्याकडे कुठलाही कृत्रिम पाय असो, लोक त्याला जयपूर फूटच म्हणतात. २००९ साली हे पाय वाटणाऱ्या जयपूरच्या संस्थेनं स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांबरोबर केलेला स्वस्त गुडघा टाइम साप्ताहिकाच्या त्या वर्षीच्या उत्तम शोधांच्या यादीत आला.

या कामानं लाखोंना उभं केलं. सकाळी माप, संध्याकाळी पाय ही शिबिराची पद्धत गुडघ्याखालून पाय गेलेल्या सडसडीत माणसाला वरदान आहे. जड अंगाच्या आणि मांडीतून पाय गेलेल्या बाईला मात्र ती पुरत नाही. काकूंच्या पलंगाखाली एका शिबिरातला पाय होता. परकरावरून टेप लावून पाच मिनिटांत माप घेतलं होतं. तीन दिवसांत जांघेची कातडी सोलली आणि पाय पलंगाखाली गेला. घरच्यांनी समजूत करून घेतली, की काकूंना पाय मानवत नाही. पाय मानवत नव्हता असं नाही. त्याचं सॉकेट त्यांच्या मांडीचं नव्हतं.

*

सॉकेट म्हणजे उरलेली मांडी ज्यात बसते तो साचा. गुडघा कितीही भारी घ्या, पाऊल परदेशी घ्या, सॉकेट नीट बसलं नाही तर सगळं वाया. मला हे सांगितलं ते कृत्रिम पाय घडवून बसवणाऱ्या तिशीतल्या एका प्रोस्थेटिस्टनं. शिबिराऐवजी एका केंद्रात आम्ही तिच्याकडे गेलो. तिनं आधी वजनाचा कागद मागितला, म्हणूनच आम्ही भुसार दुकान गाठलं होतं. ९२ हा आकडा बघून तिनं त्यात गेलेला पाय मिळवला. मांडीच्या मध्यातून गेलेला पाय म्हणजे शरीराचा साधारण दहावा हिस्सा. म्हणजे पाय असता तर काकू १०२ किलोच्या असत्या. १५६ सेंटीमीटर उंचीला बीएमआय नुसत्या वजनानं ३८ येतो, पाय मिळवून ४२. "मला काकूंना लाजवायचं नाहीये," ती सुनेला म्हणाली. "मला कुठले भाग मागवायचे ते ठरवायचंय."

मग ती काकूंपुढे खाली बसली. "काकू, मला जांघेपर्यंत हात लावावा लागेल. आधी सांगेन, मग लावेन. नको वाटलं तर थांब म्हणा." काकूंनी मान हलवली. नंतर मला म्हणाल्या, "एवढ्या दवाखान्यांत मला विचारून हात लावणारी ही पहिली."

जड मांडीचं अवघडपण काय आहे ते मला त्या दोन तासांत कळलं. आपण बसतो तेव्हा ज्या हाडावर भार येतो, ते बैठकीचं हाड सॉकेटच्या वरच्या काठाशी नेमकं लागावं लागतं. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत बर्कली इथे घडलेल्या चौकोनी सॉकेटात या हाडासाठी मागे एक कट्टा असतो, माणूस त्यावर जणू बसतो. १९७०-८०च्या दशकांत पुढे आलेल्या पद्धतीत सॉकेटचा काठ त्या हाडाला आतून कवेत घेतो, म्हणजे हाड कट्ट्यावरून घसरत नाही. जड माणसाला ही दुसरी पद्धत जास्त उपयोगी, पण चरबीच्या जाड थराखाली ते हाड सापडायलाच वेळ लागतो. आणि तिथे एका बोटाची चूक झाली तरी भार हाडाऐवजी जांघेच्या नाजूक कातडीवर येतो.

दुसरी अडचण मांडीच्या हाडाची. सडसडीत माणसानं मांडी हलवली की पाय लगेच हलतो. काकूंचं हाड मऊ मांसात तरंगतं. आधी हाड सरकतं, मग मांस, आणि मग कुठे सॉकेट. त्या सरकण्यात तोल जातो, आणि माणूस तो सांभाळायला सगळं अंग पायाच्या बाजूला झोकून डुलत चालतो. यावर उपाय म्हणजे मऊ मांसालाच कामाला लावणं. पाण्यानं भरलेली पिशवी सगळीकडून आवळली की ती कडक होते आणि वजन पेलते, तसं मांडीला चहूबाजूंनी सारखं आवळायचं. म्हणून तिनं दर पाच सेंटीमीटरवर दोन दोन मापं घेतली, एक सैल टेपनं, एक आवळून. वरच्या भागात दोन्ही मापांत चार सेंटीमीटरचा फरक आला. कणखर मांडीत तो याहून पुष्कळ कमी असतो. हा फरक कळल्याशिवाय सॉकेट किती आवळायचं ते कळत नाही. परकरावरून घेतलेल्या एका मापात तो कळणं शक्यच नव्हतं.

तिसरी अडचण जांघेतल्या वळकटीची. पाय घालताना आतल्या बाजूचं मांस काठावरून बाहेर सांडतं आणि काठ व हाड यांच्यामध्ये चिमटतं. काकूंची कातडी सोलली ती इथेच. प्रोस्थेटिस्टनं काकूंना पॅरलल बारच्या दोन दांड्यांमध्ये उभं केलं, मांडीवर ताणाचा सुती मोजा चढवला, हाडांच्या खुणा जांभळ्या पेन्सिलीनं केल्या आणि ओल्या प्लास्टरच्या पट्ट्या गुंडाळताना एका हातानं ते मांस वर उचलून आत घेत राहिली. दुसऱ्या हाताची बोटं बैठकीच्या हाडाखाली. प्लास्टर घट्ट होईपर्यंत ती तशीच गुडघ्यांवर बसून होती. तिच्या कपाळावरचा घाम सुनेनं पदरानं टिपला.

चौथी अडचण पोटाची. बसल्यावर सॉकेटचा पुढचा काठ ओटीपोटात रुततो. काठ खाली घ्यावा तर मागचं हाड जागेवरून पुढे सरकतं, कारण पुढच्या काठाच्या दाबानंच ते जागेवर राहतं. त्यामुळे काठ खाली घ्यायचा तो अर्ध्या अर्ध्या सेंटीमीटरनं, प्रत्येक वेळी बसवून, उठवून, पुन्हा बसवून.

यातलं बरंचसं शस्त्रक्रियेच्या टेबलावरच ठरतं, असं ती म्हणाली. मांडी जितकी लांब राखता येईल तितकी राखली, आतल्या बाजूचे स्नायू हाडाला पक्के बांधले, आणि पहिल्या आठवड्यांत क्रेप बँडेज जांघेच्या वरपर्यंत नेऊन कमरेला गुंडाळलं, तर पुढचं काम निम्मं होतं. जड माणसाचं बँडेज खाली सरकतं. ते सरकलं की वर वळकटी साठते. घरी कुणाला ते बांधायला शिकवलं होतं का, असं तिनं विचारलं. सुनेनं नाही म्हटलं.

*

पहिलं सॉकेट पारदर्शक प्लास्टिकचं असतं, नुसतं तपासणीचं. आत कातडी कुठे पांढरी पडते, कुठे लाल होते, ते बाहेरून दिसतं. सॉकेटच्या तळाशी तिनं मऊ मातीचा एक गोळा ठेवला, पुरीच्या लाटीएवढा. काकूंनी पाय घातला, उभ्या राहिल्या, पाय काढला. गोळा तसाच्या तसा राहिला तर मांडीचं टोक अधांतरी लोंबतं आहे, आणि अधांतरी टोक सुजतं, कातडी जाड होऊन चिरते. गोळा कागदासारखा चपटला तर टोकावर फार भार आहे. पहिल्या दिवशी गोळा जेमतेम दबला होता. काकूंनी तो हातात घेऊन फिरवून पाहिला आणि म्हणाल्या, "अजून थोडी लाटायला हवी." तिसऱ्या तपासणी सॉकेटात लाटी बरोबर आली.

पाय अंगाला धरून ठेवायचा कसा, हाही प्रश्न होता. तरुण माणूस उभा राहून मांडीला गुळगुळीत कापडाचा मोजा घालतो आणि तळाच्या भोकातून तो ओढून मांडी आत घेतो. पोट मध्ये येत असेल तर त्या भोकापर्यंत हात पोचत नाही. काकूंना सिलिकॉनचं लायनर दिलं, टोकाला पट्टा असलेलं. बसल्या बसल्या लायनर चढवायचं, पट्टा सॉकेटच्या खालच्या फटीतून बाहेर काढून वर ओढायचा आणि चिकटवायचा. लायनर मांडीवर उलगडत न्यायला पहिले पंधरा दिवस सून लागली. मग काकूंनी समोर आरसा ठेवून ते स्वतः जमवलं.

गुडघ्याच्या निवडीत भुसार दुकानातला काटा कामाला आला. गुडघा, पाऊल, मधला पाइप, सांधे जोडणारे तुकडे, या प्रत्येकाला कंपनीनं वजनाची मर्यादा लिहिलेली असते, कुणाला १००, कुणाला १२५, कुणाला १५०. काकूंचे ९२, पायाचे चार-साडेचार आणि हातात भाजीची पिशवी. म्हणजे शंभराचा गुडघा चालणार नाही. आणि सव्वाशेचा गुडघा घेऊन खाली शंभराचं पाऊल लावलं तरी चालणार नाही, कारण सगळ्यांत कमजोर तुकड्याची मर्यादा तीच साऱ्या पायाची मर्यादा. ब्याण्णवऐवजी कुणी अंदाजानं ऐंशी लिहिलं असतं, तर तो अंदाज एखाद्या दिवशी जिन्यात मोडला असता.

तिनं चार कांड्यांचा गुडघा निवडला. टाच टेकली की हा गुडघा सहजी दुमडत नाही, आणि पाय पुढे टाकताना दुमडल्यावर पाऊल जमिनीला घासत नाही. संगणकानं चालणारे गुडघे याहून कितीतरी सरस आहेत, पण त्यांची किंमत अनेक पटींनी जास्त. काकूंना ती झेपणारी नव्हती, आणि सुरुवातीच्या पायाला तशा गुडघ्याची गरजही नव्हती.

"मांडी घालता येईल का?" काकूंनी विचारलं. मराठीत मांडी म्हणजे अवयव आणि मांडी म्हणजे बैठकही. त्यांना गौरीजेवणाच्या पंगतीची आठवण होती. सॉकेट आणि गुडघा यांच्यामध्ये एक फिरता तुकडा बसवता येतो, खटका दाबला की खालचा पाय आडवा वळतो आणि मांडी घालता येते. त्यालाही वजनाची मर्यादा आहे, आणि त्याला मांडी व गुडघा यांमध्ये जागा लागते. काकूंच्या मांडीची लांबी पाहता जागा होती. "पण आधी उभं राहणं पक्कं करू," ती म्हणाली. "दुसऱ्या सॉकेटला तो नक्की बघू."

*

पहिल्या दिवशी काकू पॅरलल बारमध्ये चाळीस सेकंद उभ्या राहिल्या. छातीला सुरक्षेचा पट्टा, पुढे एक फिजिओथेरपिस्ट, मागे एक. जड माणसाला एकट्यानं धरायचं नाही हा तिथला नियम होता. पट्टा, बार, वॉकर, सगळ्यांवर वजनाची मर्यादा लिहिलेली होती आणि ती आधी वाचली होती. काकूंनी बार घट्ट धरले, श्वास घेतला आणि सुनेकडे पाहिलं. "चौदा महिने मी सगळ्यांना खालून बघत होते गं," त्या म्हणाल्या.

पुढे सगळी चिकाटी. आखडलेल्या खुब्यासाठी पालथं झोपायला सांगतात, काकूंना पोटामुळे ते जमेना. मग उताणं झोपून चांगला गुडघा छातीशी धरायचा आणि कापलेली मांडी गादीत दाबायची, दिवसातून चार वेळा. हृदयाची तपासणी झाली. दोन पावलं, पाच पावलं, बारच्या टोकापर्यंत आणि परत. पडायचं कसं आणि पडल्यावर खुर्चीच्या आधारानं उठायचं कसं हे काकूंनाही शिकवलं, त्यांच्या मुलालाही, कारण जड माणसाला काखेत हात घालून उचलायला गेलं की दोघांनाही इजा होते.

एप्रिलमध्ये लायनरच्या आत घाम साचायला लागला. दर दोन तासांनी काढायचं, मांडी आणि लायनर पुसायचं, पुन्हा घालायचं. रात्री लायनर सौम्य साबणानं धुऊन उलटं वाळवायचं. आत पावडर नाही, तेल नाही. जांघेतली घडी कोरडी ठेवायची आणि आरशानं रोज बघायची. डाव्या पावलाचा तळवाही रोज बघायचा, कारण साऱ्या घराची भिस्त आता त्यावर आहे. ज्या तळव्याकडे कधी पाहिलं नाही त्यातूनच हे सगळं सुरू झालं होतं, याची आठवण काकूंना कुणी करून द्यावी लागली नाही.

नसलेल्या पायाचा अंगठा रात्री ठणकायचा. काकू हे सांगायला घाबरत होत्या, लोक वेडं समजतील म्हणून. हा त्रास पाय गमावलेल्या पुष्कळांना होतो. मेंदूत त्या पायाची जागा शाबूत असते. मेंदूशास्त्रज्ञ विलयनूर रामचंद्रन यांनी नव्वदच्या दशकात यावर आरशाचा साधा उपाय पुढे आणला. चांगल्या हाताचं किंवा पायाचं प्रतिबिंब नसलेल्याच्या जागी दिसेल असा आरसा ठेवायचा आणि चांगला अवयव सावकाश हलवायचा. काकूंचा ठणका गेला नाही, कमी झाला. सांगता आला, यानंच अर्धा हलका झाला, असं त्या म्हणतात.

*

आणि वजन?

पहिल्याच दिवशी प्रोस्थेटिस्ट म्हणाली होती, "हे सॉकेट सैल होईल ना, तेव्हा मला आनंद होईल." आहारतज्ज्ञांनी काकूंच्या जेवणाकडे पाहिलं तेव्हा कळलं, की खानावळीतलं उरलेलं संपवायचं म्हणून त्या दुपारी चारला भात खात होत्या, तीस वर्षं. ती वेळ बदलली, ताट बदललं. पण खरा बदल आला तो उभं राहिल्यावर. ओट्याशी आधी पाच मिनिटं, मग वीस. स्वयंपाकघरापासून बाहेरच्या पंगतीपर्यंत वॉकर घेऊन जाणं आणि येणं. सप्टेंबरमध्ये त्याच भुसार दुकानात वजन ८५ भरलं.

सॉकेट आधीच सैल झालं होतं. सुरुवातीला लायनरवर मोज्यांचे थर वाढवत नेले, एक, मग तीन, मग पाच. एका मर्यादेनंतर मोज्यांनी भागत नाही, भार चुकीच्या जागी जातो. मग नवं सॉकेट. गुडघा तोच, पाऊल तेच, फक्त वरचा साचा नवा. हा खर्च आहे, आणि इथे आपली व्यवस्था अडते.

केंद्र सरकारची अपंगांना साधनं पुरवणारी योजना १९८१ पासून आहे आणि तिनं अगणित गरिबांना पाय दिले आहेत. पण त्यातला प्रौढांसाठीचा साधारण नियम असा, की एकदा साधन घेतलं की पुन्हा मदत तीन वर्षांनी. लाकडी खुर्चीला हा नियम शोभतो. जड माणसाचं सॉकेट नीट बसलं, तो चालायला लागला, त्याचं वजन उतरलं, की सहा-आठ महिन्यांत ते सॉकेट निकामी होतं. म्हणजे उपचार यशस्वी झाला की मदत संपते. मग माणूस सैल पाय घालून पडतो, किंवा पाय पलंगाखाली ठेवतो आणि वजन पुन्हा चढतं. सॉकेट बदलणं हा वेगळा खर्च मानून तो गुडघ्यापासून आणि पावलापासून सुटा करायला हवा. मांडीतून पाय गेलेल्या माणसाला पहिल्या वर्षी निदान दोन सॉकेट लागतील असं धरूनच तरतूद व्हायला हवी. शिबिरात पाय वाटणाऱ्या संस्थांनी जड रुग्णाचं माप शिबिरात न घेता त्याला केंद्रात बोलवावं, आणि त्याच्या येण्याजाण्याच्या भाड्याची सोय करावी. एकदा नाही, सहा वेळा.

'आधी वजन, मग पाय' म्हणणाऱ्या डॉक्टरांना माझी हात जोडून विनंती आहे. वजनाबद्दल जरूर बोला, पण ते पायाची अट म्हणून नको, पायाबरोबरचं काम म्हणून बोला. प्रत्येक जड माणसाला पाय जमेलच असं नाही. कुणाचं हृदय झेपत नाही, कुणाची जखम भरत नाही, कुणाचा दुसरा पायही गेलेला असतो. ते तपासून ठरवा. नुसता काट्यावरचा आकडा बघून ठरवू नका. आणि काटाच नसेल तर आधी काटा आणा.

घरच्यांनाही सांगायचं आहे. पाय कापल्याच्या पहिल्या आठवड्यापासून प्रोस्थेटिस्टला भेटा, पाय बसवायचा नसला तरी भेटा. बँडेज जांघेच्या वरपर्यंत बांधायला शिका. मांडीखाली उशी देऊ नका, ती मायेनं दिली तरी सांधा आखडतो. कमोडजवळ भिंतीत पक्का लोखंडी दांडा बसवा, प्लास्टिकच्या हलक्या खुर्चीवर जड माणसाला सोडू नका. माप घेताना हात लावण्याआधी विचारणारं माणूस शोधा. पहिला पाय लागला तर तो पलंगाखाली सारू नका, ज्यानं केला त्याच्याकडे परत न्या. तो दुरुस्त करणं हे त्याचं काम आहे.

दुसऱ्या सॉकेटबरोबर काकूंना तो फिरता तुकडा मिळाला. अजून त्या जमिनीवर बसून एकट्यानं उठू शकत नाहीत, आणि कदाचित पुढेही उठणार नाहीत. पाटावर बसायला आणि उठायला दोघं लागतात. पण घटस्थापनेच्या दिवशी त्या देवासमोर मांडी घालून बसल्या होत्या.